नागनाथमामांची बिननावाची फुलं

१८ फेब्रुवारी. आज टाकी रिकामी करायची. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा, झाकणाच्या दोन बादल्या, ब्लीचिंग पावडर आणि एक कुदळ एवढं सामान कालच काढून ठेवलं होतं. दुकान मोकळं करा म्हणून घरमालकांचा पुन्हा फोन आला. त्यांचं काही चूक नाही. नागनाथमामा जाऊन महिना होत आला. बंद दुकानाच्या मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी चालू आहे म्हणून नवा भाडेकरू किती दिवस थांबेल? टाकी काढायला टेम्पोवाला पाठवतो म्हणाले. मी नको म्हटलं. ते काम माझं होतं.

कळंबला मोंढ्याकडे, धान्यबाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे. तिच्या भिंतीला भिंत लावून मामांचं मोटार वायंडिंगचं दुकान. लॅब सुरू केली त्या पहिल्याच आठवड्यात एके सकाळी बाहेरच्या बाकावर पेशंटांच्या रांगेत एक उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस येऊन बसला. हातात नमुन्याची डबी होती. पाळी आल्यावर त्याने ती टेबलावर ठेवली. वर चिकटवलेल्या चिठ्ठीत नावाच्या जागी ‘माहीत न्हाय’ आणि वयाच्या जागीही ‘माहीत न्हाय’ लिहिलेलं. मी विचारलं, पेशंट कुठे आहे?

“टाकीत,” ते म्हणाले. “तुमच्याकडं दुर्बीण हाय म्हणं. तेवढं बघून सांगा, हे कोण हाय.”

डबीत पाणी होतं आणि तळाशी वाटाण्याएवढा एक तपकिरी, सुरकुतलेला गोळा. मी काचपट्टीवर घेऊन पाहिला. बारीक, गोल, तपकिरी पेशी दिसल्या, त्यापलीकडे काही नाही. माणसाचा नमुना नाही, मी रिपोर्ट देऊ शकत नाही, असं सांगितलं. ते रागावले नाहीत. “बरोबर हाय. बघितलं न्हाय ते सांगू नये,” एवढं म्हणून डबी घेऊन गेले. बाकावरच्या बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या.

दुपारी मी त्यांची टाकी पाहायला गेले. पुढे नेहमीचं वायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या बोअरच्या मोटारी, तांब्याच्या तारेची रिळं, वार्निशचा वास. मागच्या दारावर जाड पडदा. पडद्याआड जाण्याआधी मामांनी साबणाने कोपरापर्यंत हात धुतले, अंगातला शर्ट काढून खुंटीला लावला, दुसरा घातला. मला वाटलं, सोवळं-ओवळं असेल. तसं नव्हतं. समुद्रातल्या या जिवांना तांबं म्हणजे विष, कणभर गेलं तरी मरतात, असं त्यांनी सांगितलं. दिवसभर तांब्यात हात घालून पोट भरणारा माणूस आणि त्याने पाळले ते तांबं न चालणारे जीव. मी हे बोलून दाखवलं तेव्हा ते म्हणाले, “मग काय करावं? मोटारी सोडू, का ह्यांना सोडू?”

आत निळा उजेड होता. साडेतीन-चार फुटांची काचेची टाकी, तळाशी पांढरी वाळू, तिच्यावर दगड, आणि दगडांवर हलणारी हिरवी, जांभळी, गुलाबी प्रवाळं. हा भाग पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारा. इथे गाळलेल्या पाण्यात कुरिअरने मागवलेलं मीठ मिसळून एका माणसाने समुद्र केला होता आणि लाइट गेली तर इन्व्हर्टरवर त्याच्या लाटा चालू ठेवल्या होत्या. टाकीत मधोमध चेन्नईच्या व्यापाऱ्याकडून आलेला एक मोठा दगड होता. तो आला तेव्हा कोरा होता. कित्येक महिने तसाच राहिला. मग त्याच्या एका खोबणीत ही तपकिरी फुलं आली. प्रत्येकाचा बोटाच्या पेराएवढा बुंधा, वर चपटी थाळी, थाळीच्या कडेला आखूड झालर, मधोमध फटीएवढं तोंड. शास्त्रात त्यांना पॉलिप म्हणतात. पण कुठला पॉलिप, ते मामांना कळत नव्हतं.

मी पडद्यातून पुढे झाले आणि ती सगळी एकदम मिटली. मामा हलक्या आवाजात म्हणाले, “नवीन माणूस हाय, म्हणून.” मला ते आवडलं नाही. पावलांच्या हादऱ्याने मिटली असणार. पण मी आणखी दोन-तीनदा जाऊन पाहिलं. मामा आत असले की उघडी असायची आणि माझं पाऊल पडलं की मिटायची.

नाव शोधायला त्यांनी काय केलं नाही? मोबाइलवर फोटो काढून मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर टाकले. कोचीचा एक माणूस म्हणाला, हे एपटेशिया, काचेसारखं तण आहे, सगळी टाकी खाईल, सुईने लिंबाचा रस टोचून मारा. मुंबईचा म्हणाला, ही साधी झोआ, निरुपद्रवी, रंग येईल, थांबा. तिसऱ्याने घाबरवलं की पॅलिथोआ असेल तर त्यात जबरदस्त विष असतं, दगड काढून फेका, पण उकळतं पाणी ओतू नका, वाफेने माणसं दवाखान्यात गेली आहेत. मी मामांना म्हटलं, तिघांपैकी दोघं टाका म्हणतायत, टाकून द्या. एवढ्या गोष्टीसाठी हात कशाला धोक्यात घालायचा?

“ओळख पटल्याबिगर काय बी टाकायचं न्हाय, ताई,” मामा म्हणाले. “नाव कळू द्या. मग म्या सोता टाकतो.”

हे वाक्य ते वायंडिंगच्या दुकानातही वापरत. कुणी जळकी मोटार भंगारात काढा म्हटलं की आधी ती खोलून, कुठलं कॉइल गेलं ते बोट ठेवून गिऱ्हाइकाला दाखवायचे. माणसं वैतागायची. रब्बीचं पाणी थांबलेलं असताना कारण कुणाला हवंय? “मामा, बारसं करताय का मोटार भरताय?” असं एक जण माझ्यादेखत म्हणाला होता. मामा स्क्रू काढत राहिले.

त्यांचं मूळ गाव सास्तूर. हे मला त्यांच्याकडून नाही, त्यांच्या बहिणीकडून कळलं. गंगूबाई, मामांपेक्षा दहा-एक वर्षांनी मोठ्या. त्यांना भूमला दिलेलं. सगळे आक्का म्हणत. भूकंपाच्या साली मामा मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होते. घरी बायको कमल आणि दोन वर्षांची राणी. गणपती बोळवून गाव झोपलं होतं, पहाटेच्या आधी भुई हलली आणि दगड-मातीच्या भिंती माणसांवर बसल्या. मामांना निरोप मिळाला तेव्हा जहाज कुठल्याशा बेटाजवळ नांगर टाकून उभं होतं. ते कठड्याला रेलून खाली प्रवाळ बघत होते. एकदा स्वतः मला एवढंच म्हणाले, “पाणी काचंवानी. खाली सगळं हलत हुतं, फुलत हुतं. आन् वरून हाक आली.”

ते गावी पोचेपर्यंत सगळं उरकलेलं होतं. पावसात, चिखलात, रोगराईच्या भीतीने एकेका सरणावर कितीतरी माणसं एकत्र ठेवावी लागली होती. कुणाकुणाची ओळख पटवत बसायला माणसंच उरली नव्हती, आणि त्यात कुणाचा दोष नव्हता. मामा वाचलेल्या प्रत्येकाला विचारत फिरले. माझी कमल कुणी बघितली? पोरगी तिच्याजवळ होती का? सगळे एकच सांगत, झोपेतच गेल्या, त्यांना कळलंसुद्धा नाही. मामा विचारत, तुम्ही बघितलं का? कुणी बघितलेलं नव्हतं. नवं गाव वसलं, त्यात त्यांना सिमेंटचं घर मिळालं. ते तिथे राहिले नाहीत. कळंबला आले, दुकान घेतलं आणि दुकानामागे पत्र्याची शेड टाकून तिच्यात झोपू लागले. त्या भागातल्या बऱ्याच माणसांनी पक्की घरं सोडून कित्येक वर्षं पत्र्याखालीच अंथरूण टाकलं. मामांचं ते शेवटपर्यंत सुटलं नाही. टाकी मात्र पक्क्या खोलीत होती.

आमच्या भागात जमिनीतून अधूनमधून आवाज येतो. लांब कुठेतरी सुरुंग उडावा तसा. एकदा भर दुपारी तसा आवाज झाला, माझ्या टेबलावरच्या काचनळ्या किणकिणल्या. रस्त्यावरची सगळी माणसं दुकानांतून बाहेर आली, आभाळाकडे आणि एकमेकांकडे पाहिलं, थोडा वेळ उभी राहून परत आत गेली. मामा तेवढे आले नाहीत. मी पडदा सारून पाहिलं, तर ते टाकीच्या काचेवर दोन्ही पंजे टेकून उभे होते. फुलं मिटलेली.

“आवाजाच्या आदी मिटली,” ते म्हणाले.

मी म्हटलं, आधी की नंतर, हे एवढ्यात कसं कळणार? त्यांनी पंजे काचेवरून काढले. मग मान हलवली. “व्हय. न्हाय सांगता येत.” तरी त्या दिवसानंतर ते दुकानातलं काम पडद्याजवळ बसून करू लागले. एक डोळा कॉइलवर, एक आत.

त्या फुलांना मामांनी कधी माणसांची नावं दिली नाहीत. त्यांच्यात कमल आणि राणी बघायच्या त्या आक्का. दर आठवड्याला भूमहून फोन यायचा. मामांना कमी ऐकू यायचं म्हणून फोन मोठ्या आवाजात चालायचा आणि भिंतीपलीकडून मला ऐकू यायचा. शेत, गुडघे, सुनेच्या तक्रारी झाल्या की आक्का आवाज खाली आणून विचारायच्या, “उघडल्यात का रं?” मामा म्हणायचे, उघडल्यात. माझ्या हातात कुणाचं तरी रक्त असायचं आणि मोजणी चुकायची.

पितृपक्षातल्या नवमीला, सवाष्ण गेलेल्या बायकांची ती तिथी, आक्का दरवर्षी कळंबला येत. स्वयंपाक करत, पान वाढत, आणि मामा निमूट जेवत. दोन वर्षांपूर्वीच्या नवमीला मामांना एका शेतावर मोटार बसवायला जावं लागलं. आक्का एकट्या होत्या. त्यांनी घरून आणलेल्या तांब्याच्या गडूत पाणी घेतलं, तीळ टाकले आणि पाणी द्यायला नदीवर न जाता पडद्याआड गेल्या. ज्यांना द्यायचं त्या तिथेच आहेत, मग नदीवर कशाला? पाणी ओतलं, आणि दिलेलं भांडं परत घेऊ नये म्हणून गडूही दगडामागे सोडला. संध्याकाळच्या गाडीने निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी गोगलगायी काचेवरून गळून पडल्या. मग कोळंब्या. मग जांभळी प्रवाळं चिकटसर होऊन वितळू लागली. मामा पाणी बदलत होते, कोळशाच्या पिशव्या सोडत होते, आपल्याच हाताला तांबं लागलं असेल म्हणून हात घासून घासून सोलून घेत होते. मी मलम लावायला गेले तेव्हा मागे काही पडलंय का पाहायला त्यांनी मला काठीने दगड सरकवायला लावला. मागे गडू दिसला, हिरवट पडलेला. आत अजून तीळ होते.

मामा खाली बसले. मग म्हणाले, “आक्कानं पाणी पाजलं हुतं. तिला कळू द्यायचं न्हाय.” मी नाही सांगितलं. आक्कांचा फोन आला की ते नेहमीसारखंच, उघडल्यात, म्हणायचे.

टाकीतलं बाकी सगळं गेलं. मधल्या दगडावरची ती तपकिरी फुलं तेवढी घट्ट मिटून राहिली, आणि काही आठवड्यांनी उघडली. मोकळी जागा मिळाल्यावर ती दगडभर पसरली, दुसऱ्या दगडावर चढली, काचेपर्यंत आली. निळ्या उजेडात दुसरा रंगच नाही, फक्त तपकिरी थाळ्या, सगळ्या वर तोंड करून. मला त्या खोलीत जायला नको वाटायचं, हे मी लिहून ठेवते. मी भित्री नाही, मुडद्यांचे नमुने घेतलेले हात आहेत माझे.

पसरली म्हणून नमुना मिळाला. यावेळी मी मोजे-चष्मा घालून, नीट पात्याने बुंध्याचा पातळ काप घेतला. मामा समोर स्टुलावर. सूक्ष्मदर्शकाखाली मांसाच्या आत वाळूचे कण होते. वर चिकटलेले नाहीत, आत, भिंतीत विटा बसवाव्यात तसे. मी ॲसिडचा थेंब सोडला. कणांतून बुडबुडे निघाले, म्हणजे टाकीतलीच चुनखडीची वाळू. तीन नावांपैकी वाळू अंगात भरून घेऊन शरीर बांधणारं एकच होतं. मी मामांना डोळा लावायला सांगितलं आणि म्हटलं, ही पॅलिथोआ. विषारी. पोटजात मला सांगता येणार नाही, पण एवढं नक्की, मी पाहिलं आहे.

ते खूप वेळ पाहत होते. “वाळू आत घेऊन जगतंय,” म्हणाले. पाठ सरळ करून त्यांनी ते नाव दोनदा उच्चारून पाहिलं. मी म्हटलं, मामा, आता ओळख पटली. ठरल्याप्रमाणे टाकून द्या. तुमच्या सोललेल्या हाताला लागलं तर माझ्याकडे उपाय नाही.

“नाव कळल्यावर कोण टाकतं, ताई?” ते म्हणाले.

मला राग आला. इतकी वर्षं नाव नाही म्हणून टाकायचं नाही, आणि आता नाव आहे म्हणून टाकायचं नाही. मी तसं बोललेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “म्या हाय तवर ऱ्हाऊ द्या. मागनं तुमी करा. पर तुमच्या हातानं. कुणाला सांगू नका उचलून न्या म्हणून.” मी बरं म्हटलं. त्याशिवाय ते स्टुलावरून उठले नसते.

जानेवारीत एका सकाळी भिंतीपलीकडचं वायंडिंगचं यंत्र थांबलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. मी गेले तर ते पडद्याजवळच्या बाकावर टेकून बसलेले होते, मांडीवर अर्धं गुंडाळलेलं कॉइल. नाडी नव्हती. अंग अजून गरम होतं. आक्कांना भूमहून आणायला गाडी पाठवली. अंत्यविधी झाला, आक्का परत गेल्या. जाताना टाकीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. तेव्हापासून दाणे घालायला, पाण्याचं मीठ सांभाळायला मीच रोज जात होते, एवढंच.

तर आज. पाण्यात हात घालायचा तर आधी लाइट बंद करायची, हे मामांनीच शिकवलेलं. मी मुख्य बटण बंद केलं. मोटारी थांबल्या, निळा उजेड गेला, पाणी हलायचं राहिलं. उजेड नसला की ती आपोआप मिटतात. एकेक करत मिटली, खोबणीतली सर्वांत शेवटी. सगळी मिटेपर्यंत मी स्टुलावर बसून होते. मग मोजे चढवून दगड पाण्याखालीच बादलीत सरकवले, काचेवरची पट्टीने सोडवली, पावडर टाकली, झाकणं लावली. संध्याकाळपर्यंत तिथून हलले नाही, लॅब बंदच ठेवली. दुकानामागे शेडच्या कडेला खड्डा खणला आणि दगड त्यात ठेवून माती लोटली. टाकी धुऊन उलटी केली. घरमालकांना फोन केला, खोली मोकळी आहे म्हणून.

१९ फेब्रुवारी. सकाळी भूमची पहिली एसटी धरली. आक्का ओट्यावर हरभऱ्याचे घाटे सोलत होत्या. मला पाहून उठायला लागल्या, मी बसा म्हटलं आणि शेजारी बसले. सुनेने पाणी आणलं. मी सांगितलं, आक्का, टाकी काल काढली.

“कुणी?”

“मी. माझ्या हाताने.”

त्यांचा अंगठा घाट्यावर थांबला. कुठं ठेवल्या, विचारलं. दुकानामागे, शेडजवळ, मातीत, मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. मग अंगणाकडे पाहत त्या म्हणाल्या, “उघड्या हुत्या का मिटल्या हुत्या?”

“मिटल्या होत्या,” मी म्हटलं. “सगळ्या. मी समोर बसले होते, आक्का. मी बघितलं.”

आक्कांनी पदर डोळ्यांना लावला नाही. सुपातले थोडे घाटे माझ्या बाजूला सारले. “त्या टायमाला असं येऊन कुणी सांगितलं न्हाय बघा,” एवढंच म्हणाल्या. मी घाटे सोलायला घेतले आणि दुपारची गाडी येईपर्यंत सोलत बसले.